गरीब मुलाच्या नावाचा पैसा

सर्व मुलांवर सारखा खर्च करणे म्हणजे सर्वांना समान संधी देणे, असा एक समज आपल्या सार्वजनिक जीवनात दृढ आहे. वरवर पाहता तो न्याय्यही वाटतो. परंतु ज्या मुलाची आई रात्री त्याचा अभ्यास घेते, ज्याला पहिलीत येण्यापूर्वीच अक्षरांची ओळख झालेली असते, असे एक मूल घ्या. आणि ज्याचे आईबाप पहाटेच मजुरीला निघून जातात, ज्याच्या घरात दप्तराबाहेर पुस्तक नावाची वस्तूच नसते, असे दुसरे मूल घ्या. या दोघांवर शाळेने सारखाच रुपया खर्च केला तर त्यांच्यामधील अंतर कमी होत नाही. ते सरकारी खर्चाने कायम राखले जाते, एवढेच. म्हणून दुर्बल घरांतील मुलांसाठी शाळांना अधिक पैसा दिला पाहिजे, हे तत्त्व आता बहुतेक देशांत मान्य झाले आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. गरीब मुलाच्या नावाने निघालेला पैसा शाळेत पोहोचल्यावर त्या मुलाच्या शिकण्यापर्यंत पोहोचतो काय?

या प्रश्नाचा विचार करताना इंग्लंडमधील प्राथमिक शाळांचा गेल्या दीड दशकाचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. साहेबाच्या देशात झाले म्हणून ते अनुकरणीय, अशी यामागील भूमिका नाही. तेथे २०११ पासून गरीब मुलांमागे शाळांना निराळा पैसा दिला जातो, तो कसा खर्च केला हे शाळांना उघडपणे जाहीर करावे लागते आणि कोणत्या खर्चातून मुले शिकतात याची पाहणी स्वतंत्र संस्था करतात. त्यामुळे तेथील यशाची व अपयशाची, दोहोंची नोंद कागदावर आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला असा उघडा हिशेब क्वचितच लाभतो.

पैसा कोणामागे जावा?

ही कल्पना २०११ साली एकाएकी जन्मास आली नाही. अमेरिकेत अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकीर्दीत १९६५ साली झालेल्या शिक्षणविषयक कायद्याने गरीब वस्त्यांतील शाळांना केंद्र सरकारचा निधी देऊ केला. चारच वर्षांनी, १९६९ साली, त्या निधीच्या विनियोगाविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. हा पैसा अनेक ठिकाणी शाळांच्या सर्वसाधारण खर्चात मिसळून गेला होता, असे त्यातून उघड झाले. स्थानिक शिक्षण मंडळांनी जो खर्च स्वतः करायचा तोच त्यांनी या रकमेतून भागविला आणि आपला हात आखडता घेतला. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि हा निधी मूळ खर्चात भर घालणारा असावा, त्याची जागा घेणारा नसावा, असे सूत्र त्यात दाखल झाले. पैशाला रंग नसतो, ही अर्थशास्त्रातील जुनीच गोष्ट आहे. एका खिशात घातलेला रुपया दुसऱ्या खिशातील रुपयाला मोकळे करतो. विशेष अनुदानांच्या बाबतीत या साध्या सत्याचा विसर पडला की, अंदाजपत्रकात गरिबांसाठीची तरतूद वाढते आणि वर्गातील गरीब मूल होते तेथेच राहते.

इंग्लंडमध्ये १९६७ साली लेडी प्लाउडन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्राथमिक शिक्षणावरील आपला अहवाल सादर केला. दरिद्री भागांतील शाळा प्रथम इतरांच्या बरोबरीला आणाव्यात आणि त्यानंतर जाणूनबुजून इतरांहून चांगल्या कराव्यात, असे या समितीचे म्हणणे होते. त्यासाठी 'शैक्षणिक अग्रक्रमाची क्षेत्रे' ठरविण्याची शिफारस तिने केली. विचार उदात्त होता, पण पैसा क्षेत्राला मिळणार होता. गरीब मुले केवळ गरीब वस्तीतच राहत नाहीत. बऱ्या वस्तीच्या कडेलाही राहतात. क्षेत्राची सीमारेषा आखली की, तिच्या आतील सुस्थितीतल्या मुलाला लाभ होतो आणि बाहेरचे गरजू मूल वगळले जाते.

२०११ च्या एप्रिलपासून सुरू झालेल्या 'प्युपिल प्रीमियम' योजनेने ही रीत बदलली. येथे पैसा त्या त्या मुलामागे जातो. ते मूल ज्या शाळेत असेल त्या शाळेला तो मिळतो. ज्या मुलाला गेल्या सहा वर्षांत केव्हाही गरिबीमुळे शाळेत विनामूल्य जेवण मिळण्याचा हक्क लाभला होता, ते मूल या अनुदानास पात्र ठरते. सहा वर्षांची ही अट विचारपूर्वक घातलेली आहे. दारिद्र्य येते-जाते, बापाला सहा महिने काम मिळाले म्हणून मुलाचा मागे पडलेला अभ्यास त्या सहा महिन्यांत भरून निघत नाही. स्थानिक शासनाच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांसाठी याहून अधिक रक्कम ठेवलेली आहे.

पहिल्या वर्षी, म्हणजे २०११-१२ साली, दर मुलामागे ४८८ पौंड मिळत असत. २०१४-१५ पर्यंत प्राथमिक शाळांसाठी ही रक्कम १,३०० पौंडांवर गेली आणि २०२५-२६ साली ती १,५१५ पौंड झाली. त्याच वर्षी माध्यमिक शाळांसाठीचा दर १,०७५ पौंड होता. प्राथमिकला अधिक आणि माध्यमिकला कमी, ही वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. मागे पडण्याचा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा असतो. पहिलीत न आलेले वाचन तिसरीत गणिताचा प्रश्न कळू देत नाही आणि पाचवीत इतिहास-भूगोलाचे दरवाजे बंद करते. तेव्हा मुद्दल लहान असतानाच कर्ज फेडणे स्वस्त पडते. आपल्याकडे शिक्षणावरील चर्चेचा सारा भर दहावी-बारावी आणि प्रवेशपरीक्षांवर असतो. व्याज कोठून सुरू झाले हे कोणी विचारीत नाही.

शाळांनी काय केले?

या योजनेचे दुसरे वैशिष्ट्य असे की, पैसा कशावर खर्च करावा हे ठरविण्याची मोकळीक मुख्याध्यापकांना दिलेली आहे. मोकळीक मिळाल्यावर प्रारंभी काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. शाळांची तपासणी करणाऱ्या 'ऑफस्टेड' या सरकारी यंत्रणेने २०१२ साली २६२ शाळाप्रमुखांकडून माहिती मिळविली. या पैशामुळे आमची कामाची पद्धत लक्षणीय बदलली, असे सांगणारे त्यांत दहांत एकच निघाले. दोन पंचमांशांहून अधिक शाळांनी हा पैसा वर्गात शिक्षकाच्या हाताखाली काम करणाऱ्या साहाय्यकांच्या पगाराकडे वळविला होता.

हे साहाय्यक नेमण्यामागील हेतू वाईट नव्हता. मागे पडलेल्या मुलाशेजारी एक मोठे माणूस बसवावे, म्हणजे त्याला मदत होईल, असा तो साधा विचार होता. परंतु लंडनच्या शिक्षणसंस्थेतील पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या विस्तृत अभ्यासाचे निष्कर्ष २००९ सालीच पुढे आले होते आणि ते चकित करणारे होते. ज्या मुलांना साहाय्यकांची मदत सर्वांत जास्त मिळे, त्यांची प्रगती तशाच पात्रतेच्या इतर मुलांहून कमी होती. कारण शोधता असे आढळले की, साहाय्यकांना पूर्वतयारीस वेळ दिला जात नव्हता, त्यांचे प्रशिक्षण झालेले नव्हते आणि मुलाकडून उत्तर काढून घेण्याऐवजी काम पुरे करून देण्याकडे त्यांचा कल असे. सर्वांत घातक भाग निराळाच होता. शेजारी साहाय्यक बसला आहे म्हटल्यावर प्रशिक्षित शिक्षकाचे लक्ष त्या मुलावरून उडे. ज्याला उत्तम शिक्षकाची सर्वांत अधिक गरज, त्याच मुलाच्या वाट्याला शिक्षक सर्वांत कमी येई. मदतीच्याच नावाखाली ते मूल वर्गातल्या वर्गात वेगळे पडत होते.

येथे या योजनेचे तिसरे अंग कामास आले. २०११ सालीच सरकारने १२.५ कोटी पौंडांचा एकरकमी निधी देऊन 'एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन' ही स्वतंत्र संस्था उभी राहण्यास साहाय्य केले. कोणत्या उपायाने मुलांची किती प्रगती होते आणि त्याला खर्च किती येतो, हे प्रत्यक्ष शाळांत प्रयोग करून तपासणे व ते शिक्षकांना समजेल अशा भाषेत मांडणे, हे तिचे काम. तिच्या प्रयोगांतून असे दिसले की, तेच साहाय्यक एखादी ठरावीक पद्धत नीट शिकून, लहान गटाला, निश्चित वेळी, निश्चित घटक शिकवू लागले तर मुलांची वर्षभरातील प्रगती सुमारे चार महिन्यांच्या अभ्यासाइतकी अधिक होते. माणूस तोच, पगारही तोच. बदलली ती केवळ कामाची रचना. उलट, वर्गातील मुलांची संख्या थोडीशी कमी करण्यासारखे महागडे उपाय खर्चाच्या मानाने फारसे फळ देत नाहीत आणि मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसविण्याने तर नुकसानच होते, असेही आढळले.

चांगल्या प्राथमिक शाळांनी यावरून बोध घेतला. कोणी चार-पाच वर्षांच्या मुलांच्या बोलीभाषेकडे लक्ष दिले. ज्याच्याजवळ शब्दच थोडे, त्याला वाचन यायचे कोठून? म्हणून वीस आठवड्यांचा संभाषणाचा कार्यक्रम प्रशिक्षित साहाय्यकांकडून चालविण्यात आला. कोणी शाळा भरण्यापूर्वी न्याहारीची सोय केली. अशा शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांची प्रगती दोन महिन्यांइतकी अधिक झाल्याचे २०१६ साली एका प्रयोगात दिसून आले. कोणी गैरहजर मुलाच्या घरी जाणारा माणूस नेमला. आणि कित्येकांनी हा पैसा सरळ शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च केला. हा खर्च केवळ गरीब मुलांवर होत नाही, तेव्हा तो नियमबाह्य नाही काय, अशी शंका येईल. परंतु वर्गात चांगले शिकविले गेले तर त्याचा सर्वांत जास्त लाभ ज्याला घरी शिकविणारे कोणी नाही त्यालाच होतो, हे ध्यानी घेऊन सरकारने या खर्चास मान्यता दिली आहे. किंबहुना त्याला अग्रक्रम दिला आहे.

जमा आणि नावे

आता फलश्रुती पाहू. इंग्लंडचे शिक्षण खाते प्राथमिक शाळेच्या अखेरीस गरीब व इतर मुलांच्या गुणवत्तेतील अंतर एका निर्देशांकाने मोजते. २०११ साली तो ३.३४ होता, २०१९ पर्यंत तो २.९१ वर उतरला. म्हणजे आठ वर्षांत अंतर सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर कोविडची साथ आली, शाळा बंद पडल्या आणि २०२२ साली निर्देशांक पुन्हा ३.२३ वर गेला. एका दशकाची कमाई बव्हंशी दोन वर्षांत बुडाली. या घटीचे सारे श्रेय एकट्या अनुदानाला देता येणार नाही, कारण त्याच काळात इतरही अनेक बदल झाले. परंतु शाळा बंद होताच अंतर कसे झपाट्याने वाढले, यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. गरीब मुलाच्या बाबतीत शाळा हीच त्याची सारी शैक्षणिक मिळकत असते. इतरांच्या बाबतीत ती मिळकतीचा एक भाग असते.

नावेच्या बाजूलाही नोंदी आहेत. २०१५-१६ ते २०२५-२६ या दहा वर्षांत प्राथमिक शाळांचा दर १,३२० वरून १,५१५ पौंडांवर गेला, म्हणजे सुमारे १५ टक्के वाढला. किमती मात्र त्याहून पुष्कळच अधिक वाढल्या. साहजिकच अनुदान आकड्यात वाढूनही प्रत्यक्षात आटले. शाळांची मूळ अंदाजपत्रकेही ओढग्रस्तीत आली. 'सटन ट्रस्ट' या संस्थेने २०२४ साली घेतलेल्या कानोशात, गरीब मुलांसाठी आलेला हा पैसा आम्ही अंदाजपत्रकातील इतर खड्डे बुजविण्यासाठी वापरतो, असे ४७ टक्के शाळाप्रमुखांनी सांगितले. अमेरिकेत १९६९ साली जे दिसले तेच येथे पुन्हा दिसले. मूळ खर्च कमी पडू लागला की पूरक खर्च त्यात विरघळतो, मग मुख्याध्यापक कितीही सद्भावनेचा असो.

दुसरी अडचण मोजणीची. पालकाने विनामूल्य जेवणासाठी अर्ज केला तरच मुलाची नोंद होते आणि शाळेला पैसा मिळतो. सप्टेंबर २०१४ पासून पहिल्या तीन वर्गांतील सर्वच मुलांना शाळेत विनामूल्य जेवण मिळू लागले. निर्णय स्वागतार्ह होता, पण लहान मुलांच्या पालकांना अर्ज करण्याचे कारणच उरले नाही आणि शाळांना पालकांच्या मागे लागून अर्ज भरून घेण्याची पाळी आली. पात्रतेची मिळकतमर्यादा २०१८ साली वार्षिक ७,४०० पौंड अशी ठरली आणि पुढे महागाई वाढूनही कित्येक वर्षे ती हलली नाही. कोण गरीब, हे ठरविणारी रेघ जागच्या जागी राहिली की तिच्याखालची माणसे कागदावर आपोआप कमी होतात. हा चमत्कार आपल्या देशातील वाचकांना अपरिचित नाही.

आपल्याकडील तीन वाटा

आता आपल्याकडे वळू. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात मूलभूत प्रश्न विचारला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांनाच का? प्राथमिक शिक्षणाकडे अधिक पैसा वळवा, ही त्यांची मागणी होती. तेव्हा दुर्बलांसाठी अधिक खर्च करण्याचा विचार आपल्याला इंग्लंडकडून शिकण्याची आवश्यकता नाही. शिकण्याजोगे काही असेल तर ते त्या खर्चाची वाट कशी असावी, हे आहे.

आपल्या राज्यात हा पैसा मुख्यतः तीन वाटांनी जातो. पहिली वाट वस्तूंची : गणवेश, पाठ्यपुस्तके वगैरे. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अंगावर धड कपडा नसेल तर मूल शाळेची पायरी चढत नाही. परंतु येथेही निर्णय किती दुरून घ्यावा, हा प्रश्न उरतोच. २०२४-२५ साली गणवेशाचे कापड आणि शिलाई यांची व्यवस्था राज्य पातळीवरून करण्याचा प्रयोग झाला. अनेक शाळांत गणवेश सत्र बरेच पुढे गेल्यावर पोहोचले, मापांच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय घेण्यात आला. मुलाच्या खांद्याचे माप गावातल्या शिंप्याला जेवढे कळते तेवढे मंत्रालयाला कळत नाही, हे सिद्ध करण्यासाठी मुलांचे एक वर्ष खर्ची पडले.

दुसरी वाट उपस्थितीची. दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दर दिवसामागे एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये, अशी योजना राज्याने १९९२ साली सुरू केली. योजनेमागील दृष्टी निःसंशय चांगली होती. पैसा थेट मुलीच्या नावाने जात होता. परंतु पुढे दोन दशकांहून अधिक काळ तो रुपया रुपयाच राहिला आणि त्या काळात रुपयाची खरेदीशक्ती कोठल्या कोठे गेली. १९९२ साली जे प्रोत्साहन होते ते पुढे केवळ रजिस्टरातील एक रकाना होऊन बसले. पौंडाच्या बाबतीत घडले तेच रुपयाच्या बाबतीत घडले, आणि अधिक तीव्रतेने घडले.

तिसरी आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाट म्हणजे 'समग्र शिक्षा' अभियानातून शाळेला मिळणारे संयुक्त शाळा अनुदान. हे अनुदान पटसंख्येच्या टप्प्यांनुसार ठरते. २०२१ मध्ये सुधारलेल्या दरांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,००० आणि पुढे हजारापर्यंत ७५,००० रुपये, असे हे गणित आहे. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. विजेचे बिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, पिण्याच्या पाण्याची सोय, सारे यातूनच भागवायचे. या सूत्रात किती मुले आहेत हे पाहिले जाते. ती कोणाची मुले आहेत, हे पाहिले जात नाही. डोंगरातल्या पाड्यावरची पंचवीस आदिवासी मुलांची शाळा आणि बागायती गावातली पंचवीस मुलांची शाळा या सूत्राला सारखीच दिसते. पट कमी म्हणून पाड्यावरच्या शाळेचे अनुदानही सर्वांत कमी. पण पट कमी झाला तरी फळा, छप्पर आणि विजेचा खांब काही लहान होत नाहीत.

शिवाय पैसा केव्हा मिळतो, हेही महत्त्वाचे आहे. शाळांच्या अनुदानांचा माग काढणाऱ्या 'पैसा' नावाच्या पाहण्यांनी २००९ नंतरच्या वर्षांत हे वारंवार दाखवून दिले की, रक्कम पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात शाळेच्या खात्यावर पडते. मुख्याध्यापकाला मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. जूनमध्ये आलेल्या पैशातून मुलाला वाचन शिकविण्याची योजना आखता येते. फेब्रुवारीत आलेल्या पैशातून कपाट घेता येते. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहांची कल्पना फार मोलाची आहे. परंतु अशा वसतिगृहाची मंजुरी बैलगाड्या निघून गेल्यावर आली, तर त्या पैशाचा हिशेब बरोबर राहील आणि मूल मात्र फडात असेल.

मुंबईचा धडा

पैसा कसा खर्चावा याचे उत्तर शोधायला इंग्लंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' या संस्थेचा 'बालसखी' कार्यक्रम मुंबई व बडोदे येथील महापालिकेच्या शाळांत काटेकोरपणे तपासण्यात आला. तिसरी-चौथीत असूनही ज्यांना प्राथमिक वाचन व अंकगणित येत नाही, अशा पंधरा-वीस मुलांना शाळेच्याच वेळेत दोन तास वेगळे शिकवायचे, अशी ही पद्धत होती. शिकविणारी बालसखी त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पुरे केलेली तरुणी असे. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन मिळे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या या अभ्यासात मागे पडलेल्या मुलांची प्रगती ठळकपणे दिसून आली. उरलेल्या मुलांचा वर्ग त्या दोन तासांत लहान झाला, पण त्यांच्या प्रगतीत फरक पडला नाही. इंग्लंडमधील साहाय्यक आणि मुंबईतील बालसखी यांच्या कथेचे तात्पर्य एकच आहे. नुसते माणूस वाढवून भागत नाही. कोणत्या मुलाला, काय, किती वेळ शिकवायचे हे ठरलेले असावे लागते.

दुसरा पुरावा आंध्र प्रदेशातील आहे. तेथे २००५ पासून दोन वर्षे काही शाळांना मुलांच्या साहित्यासाठी जादा अनुदान देऊन त्याचा परिणाम तपासण्यात आला. पहिल्या वर्षी मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ती वाढ दिसेना. अनुदान येणार हे कळल्यावर पालकांनी वह्या-पेन्सिलींवरचा स्वतःचा खर्च कमी केला होता. यात पालकांचा दोष नाही. हातातोंडाशी गाठ असलेल्या घराने वाचलेला रुपया तेलामिठाकडे वळविला तर ते शहाणपणच आहे. परंतु शाळेने काय विकत घ्यावे, यासाठी त्यातून धडा मिळतो. जे घर स्वतः घेऊ शकते ते शाळेने घेतल्यास घराला दिलासा मिळतो, शिक्षणात भर पडत नाही. जे घर कधीच विकत घेऊ शकत नाही, म्हणजे शिकविणाऱ्या माणसाचा वेळ आणि लक्ष, ते शाळेने घेतले तरच भर पडते.

काय करता येईल?

या साऱ्याचा मथितार्थ काढायचा तर तीन-चार गोष्टी सांगता येतील. पहिली, संयुक्त अनुदानाच्या टप्प्यांना हात न लावता त्यावर दुर्बल घरांतील मुलांमागे एक पूरक रक्कम द्यावी. समजा, पंचवीस पटाच्या शाळेत अशी वीस मुले आहेत आणि दर मुलामागे दोन हजार रुपये दिले, तर चाळीस हजार होतात. आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. पण एवढ्यात गावातल्या एका शिकलेल्या मुलीला दहा महिने, महिना चार हजार मानधनावर, रोज दोन तासांसाठी नेमता येते. दुसरी, ही रक्कम किती हे शाळेला जूनमध्ये कळावे आणि ती जूनमध्येच हाती पडावी. दर ठरविताना तो किमतींच्या निर्देशांकाशी जोडावा. तिसरी, रिक्त शिक्षकपदाची उणीव या पैशातून भागविण्यास सक्त मनाई असावी. शिक्षक नेमणे हे शासनाचे मूळ कर्तव्य आहे; त्याचा भार गरीब मुलाच्या वाट्यावर टाकता येणार नाही.

चौथी गोष्ट हिशेबाची. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वर्षारंभी मुख्याध्यापकाने एका पानावर लिहावे : अमुक इतकी मुले मागे आहेत, अमुक उपाय करणार, त्याला अमुक खर्च. वर्षाअखेरीस त्याच पानाच्या मागे लिहावे : एवढी मुले वाचू लागली, एवढी अद्याप नाहीत. हे पान पालकसभेत वाचून दाखवावे. मुलांची नावे मात्र त्यात नसावीत. वर्गात जात आणि दारिद्र्य यांची यादी वाचून दाखविण्याची रीत आपण पुरेशी भोगली आहे.

येथे एक धोका टाळला पाहिजे. हिशेब शिकण्याचा हवा, याचा अर्थ निकाल पाहून अनुदान द्यावे असा नव्हे. इंग्लंडने १८६२ साली तेही करून पाहिले. हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणित यांतील परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरू लागले. शिक्षक घोकंपट्टीला लागले, परीक्षेबाहेरचे सारे विषय आटले आणि शतक संपण्यापूर्वी ती पद्धत मोडीत काढावी लागली. निकालावर पैसा दिला तर दुबळी मुले असलेल्या शाळेलाच दंड होतो. पैसा गरजेवर द्यावा आणि त्याचे काय झाले ते उघडपणे विचारावे.

मुख्याध्यापकाच्या हाती मोकळा पैसा दिला तर तो गैरमार्गाने जाईल, अशी भीती काही जण व्यक्त करतील. ती अगदीच निराधार नाही. परंतु वरून ठरवून दिलेल्या खरेदीत गैरव्यवहार होत नाहीत, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? गावातल्या सभेत वाचल्या जाणाऱ्या एका पानाला जेवढी नजर लागते, तेवढी जिल्ह्याच्या कचेरीत गेलेल्या शंभर पानांना लागत नाही. आणि थांबण्याची किंमतही लक्षात घ्यावी. 'असर'च्या पाहणीनुसार २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले १६.३ टक्के होती. २०२४ साली ती २३.४ टक्के झाली. सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय शिक्षकांना दिले पाहिजे. तरीही चारांपैकी तीन मुले अजून त्या रेषेच्या अलीकडे आहेत आणि त्यांच्या खात्यावरचे चक्रवाढ व्याज दरवर्षी चढते आहे.

'ज्या प्रयोजनासाठी रक्कम मंजूर झाली त्याच प्रयोजनासाठी ती खर्च झाली', अशा अर्थाचे प्रमाणपत्र आपले मुख्याध्यापक दरवर्षी सही करून पाठवितात. ते खोटे नसते. पावत्या जागच्या जागी असतात. परंतु मूळ प्रयोजन कपाट नव्हते, सतरंजी नव्हती की भिंतीचा रंगही नव्हता. तिसरीतल्या मुलीला आपले पुस्तक आपले आपण वाचता यावे, हे ते प्रयोजन होते. ती वाचू लागली की नाही, हे विचारणारी एक ओळ त्या प्रमाणपत्रात घालायला कोणताही नवा कायदा लागत नाही.